ठाणे ब्रँचला आवाज एकाच बाजूने येतोय, कॉल मॅनेजरमध्ये सगळं ओके दिसतंय

महापे_आयटी: नमस्कार मंडळी, आमचं मेन ऑफिस महापे एमआयडीसीत, सिस्कोचा कॉल मॅनेजर (आयपी फोनचे कॉल सांभाळणारा सर्व्हर) तिथेच, एक पब्लिशर म्हणजे मुख्य सर्व्हर आणि एक सबस्क्रायबर म्हणजे त्याचा जोडीदार. आता वागळे इस्टेटला ब्रँच सुरू केली, व्हीपीएन लिंक आहे, फोन लावले की लगेच रजिस्टर झाले, रिंग पण बरोबर जाते. पण उचलल्यावर ठाण्याचं बोलणं महापेत ऐकू येतं आणि महापेचं ठाण्यात काहीच नाही. ठाण्यातल्या ठाण्यात कॉल एकदम क्लियर. डिस्पॅचवाले बिचारे स्वतःच्या मोबाईलवरून काम चालवतायत. व्हेंडर म्हणतो सर्व्हर रीस्टार्ट करा, करू का?

ऐरोली_व्हॉइस: अजिबात नको भाऊ, चालू ऑफिसात उगाच सगळ्यांचे फोन हलतील आणि हाती काही लागणार नाही. कॉल मॅनेजर फक्त कॉल जुळवून देतो, म्हणजे नंबर कोणाचा, रिंग कुठे द्यायची, कोडेक (आवाज पॅक करायची पद्धत) कुठला. साध्या कॉलमध्ये उचलल्यानंतर आवाज आरटीपीने (आवाजाची पॅकेट नेणारा प्रोटोकॉल) थेट फोन ते फोन जातो, सर्व्हर मध्ये नसतोच. त्यामुळे फोन रजिस्टर आहे यावरून एवढंच कळतं की ठाण्याचा फोन आणि सर्व्हर यांच्यात रस्ता आहे, महापेच्या फोनपासून ठाण्याच्या फोनपर्यंत आहे का ते वेगळं तपासायला लागतं.

कॉल चालू ठेवून ठाण्याच्या फोनवर कॉल स्टॅटिस्टिक्स उघडा. सेंडर पॅकेट भराभर वाढतायत आणि रिसीव्हर 0 वरच अडकलंय असं दिसलं तर महापेची पॅकेट वाटेत मरतायत. मग बघा महापेच्या व्हॉइस व्हीलॅनचा (फोनसाठी वेगळं ठेवलेलं नेटवर्क) डीफॉल्ट गेटवे, म्हणजे बाहेर जायचा दरवाजा, कोण आहे. पुष्कळ ठिकाणी सर्व्हरचा गेटवे कोअर स्विच असतो आणि फोनचा गेटवे पीआरआयवाला (टेलिफोन कंपनीची डिजिटल लाईन जोडलेला) राऊटर, नवीन ब्रँचचा रूट (तिकडे जायचा रस्ता) फक्त स्विचवर टाकतात, राऊटर राहून जातो. तो ठीक असेल तर फायरवॉलवर आरटीपीचे यूडीपी पोर्ट 16384 ते 32767 दोन्ही बाजूंनी सोडलंय का ते बघा.

कळवा_नेटवर्क: वरच्यांशी सहमत. बाहेरून पीआरआयवर आलेला कॉल ठाण्याला ट्रान्सफर करून बघा, तिथेही ठाण्याला ऐकू येत नसेल तर राऊटरच, कारण तेव्हा आरटीपी त्याच्याकडूनच निघतं.

आणि हे झालं की ठाण्याच्या राऊटरवर एसआरएसटी (लिंक गेली की फोन सांभाळायची राऊटरची सोय) लावून घ्या, प्लीज टाळू नका. पावसाळ्यात रस्ता खोदताना फायबर तुटली की लिंक गेली, मग ठाण्याचे फोन नुसते डबे. एसआरएसटी असेल तर ते लोकल राऊटरवर रजिस्टर होतात, आपापसात बोलता येतं आणि तिथे स्वतःची लाईन असेल तर बाहेरही कॉल जातो. अडचणीच्या वेळी कोणाला तरी ॲम्ब्युलन्स बोलवायची असते हो, फोन चालायलाच हवा. लिंक बारीक असेल तर दोन ऑफिसमधल्या रीजनला (कॉल मॅनेजरमधली कोडेक ठरवायची सेटिंग) जी 729 हा कमी जागा घेणारा कोडेक ठेवा, एका कॉलला एका दिशेने आयपीवर साधारण 24 केबीपीएस लागतात, जी 711 ला 80.

महापे_आयटी: मनापासून आभार दोघांचे. रिसीव्हर 0 च होतं, गेटवे पीआरआय राऊटरच निघाला आणि त्यावर ठाण्याच्या सबनेटचा (तिथल्या आयपी पत्त्यांच्या गटाचा) रूट नव्हता. टाकला आणि लगेच दोन्हीकडून आवाज. एसआरएसटीसाठी ठाण्यात एक लाईन घ्यायची मागणी आजच मॅनेजरकडे टाकतोय, डिव्हाइस पूलमध्ये (फोनच्या गटाच्या सामाईक सेटिंगमध्ये) एसआरएसटी रेफरन्स दिला की फोन रीसेट करायला लागतात का?

कळवा_नेटवर्क: हो, लागतात. ऑफिस सुटल्यावर करा, आणि मग लिंक मुद्दाम काढून एकदा खरंच कॉल लावून बघा.