मदत हवी आहे: थकबाकी भरूनही सिबिल अहवालात खाते थकीतच

कोथरूडकर: क्रेडिट कार्डाची जुनी थकबाकी वसुली एजन्सीमार्फत गेल्या वर्षी भरली, तरी सिबिलच्या (कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या) अहवालात ते खाते थकीतच दिसते आणि त्यावरून गृहकर्जाचा अर्ज नामंजूर झाला. फ्लॅटच्या करारनाम्याची मुदत जवळ आली आहे. ही नोंद तातडीने कशी काढता येईल, ते कृपया सांगावे.

सुमेधा_क: रक्कम पूर्ण भरली की तडजोडीची? खात्यासमोर नेमका कोणता शेरा आहे आणि पैसे भरल्याचे पत्र कोणाच्या लेटरहेडवर आहे, हे कळल्याशिवाय उत्तर देणे कठीण आहे.

वाटसरू: मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड घ्या आणि दरमहा पूर्ण बिल भरा. माझा क्रेडिट स्कोअर (कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारे गुण) त्यानेच सुधारला.

सुमेधा_क: वाटसरू, नव्या कार्डाने जुनी नोंद जात नाही आणि यांना कर्ज आत्ता हवे आहे.

वाटसरू: नोंद दुरुस्त झाली तरी स्कोअर वाढायला वेळ लागतोच, म्हणून मी सुचवले.

मिरजकर: वसुली एजंटांना सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्रास होत असल्यास तक्रार करा.

कोथरूडकर: फोन आता येत नाहीत. ७० हजारांपैकी ४२ हजारांवर तडजोड झाली. एजंटाने पैसे रोख नेले. पावती एजन्सीची आहे, बँकेचे पत्र नाही. शेरा ‘रिटन-ऑफ’ (बँकेने बुडीत धरलेले) आहे.

सुमेधा_क: मग अडचण तिथेच आहे. ते ४२ हजार कार्डखात्यात जमा झाले का, हे आधी बँकेकडून लेखी घ्या, कारण बँकेने दुजोरा दिल्याशिवाय सिबिल स्वतःहून शेरा बदलू शकत नाही. जमा असतील, तर पावती जोडून बँकेकडे आणि सिबिलकडे एकाच दिवशी तक्रार नोंदवा. बँकेने २१ दिवसांत सुधारित माहिती पाठवायची असते आणि ३० दिवसांत निवारण न झाल्यास, एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमानुसार, दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. पुढे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही जाता येते. मात्र शेरा सुधारला तरी तो ‘सेटल्ड’ (तडजोडीने मिटलेले) असाच होईल आणि त्यावरही अनेक बँका गृहकर्ज नाकारतात. ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडून बंद) हवे असल्यास उरलेले २८ हजार भरण्याची तयारी ठेवा, पण शेरा बदलण्याचे आणि ‘नो ड्यूज’ (काहीही देणे बाकी नसल्याचा दाखला) देण्याचे बँकेचे पत्र हातात आल्यावरच, आणि थेट बँकेत. एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या सिबिलसारख्याच इतर संस्थांचे अहवालही पाहा. वर्षातून एकदा प्रत्येकाकडून तो मोफत मिळतो.

कोथरूडकर: उद्याच शाखेत अर्ज देतो. पैसे जमाच झालेले नसतील, तर एजन्सीची पावती बँकेवर बंधनकारक ठरते का?