'चित्त जेथा भयशून्य' आज म्हणताना आपण नक्की काय मागतो?

रेवा_वाचते:
लेकीला १५ ऑगस्टला शाळेत रवींद्रनाथांची 'व्हेअर द माइंड इज विदाउट फिअर' म्हणायचीय, आठवडाभर घरात तेच चाललंय. काल शेवटच्या ओळीला थांबली आणि म्हणाली, आई, देश १९४७ लाच स्वतंत्र झाला ना, मग त्याला जागं कर असं देवाला अजून का सांगायचं? मला धड उत्तर देता आलं नाही. कोणी मूळ बंगाली वाचलीय का?

बकुळफूल:
ताई, मूळ वाचाच, बंगाली येत नसलं तरी अर्धीअधिक कळते. 'चित्त जेथा भयशून्य, उच्च जेथा शिर', यात मराठी माणसाला अडायला काय आहे? १९०१ च्या 'नैवेद्य'मधली आहे, इंग्रजी गीतांजलीसाठी (१९१२) त्यांनी स्वतःच ती इंग्रजीत आणली. पण इंग्रजीत शेवटी 'हेवन ऑफ फ्रीडम' आहे ना, बंगालीत नुसतं 'सेइ स्वर्गे', म्हणजे त्या स्वर्गात. स्वाधीनता हा शब्दच कवितेत नाही, मुक्त म्हटलंय ते ज्ञानाला. राज्य इंग्रजांचं होतं तरी त्यांच्याबद्दल एक अक्षर नाही, आडवं येतंय ते सगळं आपल्याच घरातलं, भीती, अंगणाभोवतीच्या भिंती, आणि तुच्छ आचारांची वाळू जी विचाराचा प्रवाह गिळून टाकते. मग १९४७ ला हे मागणं संपेल कसं?

आणि शेवट तर बघा, 'निज हस्ते निर्दय आघात करि, पितः, भारतेरे सेइ स्वर्गे करो जागरित'. तुझ्या हाताने निर्दय घाव घाल आणि भारताला जागं कर! इंग्रजीत हा घाव गळलाय आणि भारताचं 'माय कंट्री' झालंय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते. स्वतःच्या देशासाठी मार मागायला किती प्रेम लागत असेल.

दगडी_चाळ:
पटतंय पण पूर्ण नाही. बेड्या पायात असताना आधी आतलं सुधारा म्हणणं सगळ्यांना कसं पुरेल? सावरकरांनी १९०३ मध्ये 'जयोस्तुते' लिहिलं तेव्हा स्वातंत्र्यालाच देवी मानून तिचं स्तोत्र गायलं, तीही प्रार्थनाच की. मला दोन्ही लागतात, एकीने बाहेरचं कुलूप तुटतं, दुसरीने आतलं.

ओवीकर:
आपल्याकडे पसायदान आहेच. 'जे खळांची व्यंकटी सांडो', खळ मरो असं माउली म्हणत नाहीत, त्याचा वाकडेपणा जावो म्हणतात. रवींद्रनाथांचीही तीच जात, शत्रू नको, दोष जाऊ दे. फक्त ज्ञानेश्वर प्रसाद मागतात आणि हे घाव मागतात, आणि खरं सांगू, मला आज घावाची ओळ जास्त गरजेची वाटते, कारण जातीवरून शेजाऱ्याच्या घरचं पाणी टाळणारी माणसं मी माझ्याच नात्यात बघितलीत, ती काही नुसत्या गोड शब्दांनी जागी होत नाहीत.

रेवा_वाचते:
खूप आभार सगळ्यांचे. रात्री तिला घावाची ओळ वाचून दाखवली, थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली की इंग्रजी म्हणून झाल्यावर ही एक ओळ बंगालीत म्हणणार. बकुळताई, 'स्वर्गे'चा उच्चार कसा करायचा?

बकुळफूल:
शॉर्गे. 'व' ऐकूच येत नाही. आणि 'निर्दय'चं 'निर्दॉय' होतं, तिथे तिला जरा थांबू द्या.