बिनपैशाच्या कामाला 'ओव्हरटाइम' म्हणायचं का?

गिरणगावकर: काल लोअर परळच्या ऑफिसातून रात्री पावणेदहाला सुटलो. लिफ्टमध्ये शेजारचा म्हणाला, "आज पण ओव्हरटाइम झाला." म्हटलं, पैसे किती मिळाले? तो नुसता बघत राहिला. माझे वडील याच भागात गिरणीत साच्यावर होते. घरात त्याला 'ओटी' म्हणायचे. पगारचिठ्ठीत ओटीचा आकडा वेगळा असायचा आणि आई आधी तोच शोधायची. दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांवर काम गेलं की दुप्पट दर, असं १९४८च्या कारखाने कायद्याने ठरवलं. ते दुप्पट म्हणजे ओव्हरटाइम. दमडी मिळत नसेल तर सरळ वेठ म्हणा.

शब्दखोर: पटलं नाही. सरकारी मराठीत 'अतिकालिक भत्ता' लिहितात. भत्ता बुडवला म्हणून जादा काम केलंच नाही असं होतं का? आणि एसीत बसून, वर कंपनीचा पिझ्झा खाऊन वेठ काय म्हणताय!

बोरिवली_स्लो: पिझ्झ्याचं कौतुक तुम्हालाच. रात्री साडेअकराला घरी पोचल्यावर पोरगी झोपलेली असते.

हजेरीवाली: एचआरमध्ये आहे म्हणून सांगते. दुप्पट दर फक्त कारखान्यांना नाही, राज्याच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही आहे. पण व्यवस्थापकीय पदं त्यातून वगळलेली. मग काय, २४ वर्षांच्या मुलीला 'असिस्टंट मॅनेजर' करायचं. हाताखाली कोण? कोणीच नाही. चहासुद्धा स्वतःच आणते. कार्डावरच्या पदावर कायदा ठरत नाही, खरं काम काय ते बघावं लागतं. पण भांडायला जातंय कोण?

गिरणगावकर: बरं, वेठ मागे घेतो. पण 'ओव्हरटाइम' म्हटलं की कुठेतरी नोंद झाली, हिशेब होणार, असं वाटतं. आमच्याकडे नोंदच नाही. साडेसहानंतर पंचिंग कोणी बघत नाही. सकाळी दहा मिनिटं उशीर झाला तर मात्र मेल येतो.

शब्दखोर: म्हणून तर तो शब्द सोडू नका! 'लेट बसलो' म्हटलंत की विषय संपला. 'ओव्हरटाइम' म्हटलं की पुढचा प्रश्न पैशाचाच. लिफ्टमध्ये तुम्हीच विचारलात ना?

गिरणगावकर: विचारलं, पण शेजाऱ्याला. साहेबासमोर मीही 'जरा थांबलो होतो' असंच म्हणतो.