समुपदेशकांना राज्याची नोंदणी सक्तीची हवी का? (निवेदनासंबंधी)

मुलुंडकरीण
आमच्या रस्त्यावर वर्षभरात तीन काउन्सेलिंग सेंटर उघडली. एका पाटीवर तर 'लाइफ कोच, टॅरो, विवाह समुपदेशन' एका ओळीत! माझी भाची तिथे जायची, तासाला दीड हजार मोजून. चौथ्या खेपेला कळलं की तिने रडत सांगितलेलं सगळं बाईंनी तिच्या सासूला फोनवर ऐकवलंय. तक्रार करायची कुणाकडे? डॉक्टरांना मेडिकल कौन्सिल आहे, वकिलांना बार कौन्सिल. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट १९९२ च्या पुनर्वसन परिषद कायद्याखाली येतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात राज्य प्राधिकरणाकडे त्यांची, मानसोपचार परिचारिकांची आणि सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्करची नोंद होते. साध्या समुपदेशकाचं तिथे नाव नाही.

२०२१ च्या केंद्रीय कायद्यात, म्हणजे अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सवाल्यात (डॉक्टर-नर्स सोडून आरोग्यातले इतर व्यवसाय), समुपदेशक आहेत आणि राज्य परिषदेची तरतूदही आहे. त्या परिषदेमार्फत समुपदेशकांची नोंदणी आणि तक्रार निवारण लवकर व्हावं, एवढंच आमचं निवेदन आहे. सह्या हव्यात.

गोवंडी_वस्ती
मी सही करणार नाही. दहा वर्षं वस्तीत समुपदेशन करते. बीए आहे, संस्थेत प्रशिक्षण झालं, दर शुक्रवारी वरिष्ठ ताईंसमोर माझ्या केसेस मांडते. ताई, तुम्ही म्हणता तो कायदा मीही वाचलाय. किमान २,००० तासांचा अभ्यासक्रम, वरच्या श्रेणीला ३,६००. माझे तास वस्तीत भरलेत, कॉलेजात नाही. ते कोण मोजणार? नवऱ्याचा मार खाल्लेली बाई माझ्याकडे येते कारण मी तिच्यासोबत पाण्याच्या रांगेत उभी असते. उद्या मी 'बेकायदा' ठरले तर ती दीड हजारवालीकडे जाणार आहे का?

चाळीतला_शंकासुर
परवाना आला की टॅरोवाली पाटी बदलून 'जीवन मार्गदर्शक' लिहील, धंदा तोच. तुमचा कायदा पाटीला लागणार की कामाला, ते आधी ठरवा. बाकी सरकारी कार्यालयात फाइल हलवायला किती चपला झिजतात ते मुंबईकराला सांगायला नको.

एमए_भाग२
शंकासुरांशी निम्मी सहमत. पण मी दोन वर्षं फी भरून, इंटर्नशिप करून शिकतेय, आणि सहा महिन्यांचा ऑनलाइन डिप्लोमावाला माझ्या शेजारी तीच पाटी लावणार. त्याचं काय?

मुलुंडकरीण
शंकासुर, पळवाट राहीलच. पण आज पळायचीही गरज नाही, दारच सताड उघडं आहे. आणि चपला अमेरिकेतही झिजल्या हो. व्हर्जिनियाने समुपदेशकांना १९७६ मध्ये परवाना दिला, कॅलिफोर्नियाने २००९ मध्ये, सगळ्यात शेवटी. तेहेतीस वर्षं! तिथे आधीपासून काम करणाऱ्यांना ठरावीक मुदतीत वेगळ्या वाटेने परवाना मिळाला. गोवंडीताई, तसं कलम निवेदनात घातलं तर? शिवाय २०२१ च्या कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे व्यवसायांच्या यादीत, एचआयव्ही समुपदेशक आणि मानसिक आरोग्य सहाय्यकही आहेत. तुमच्यासारख्यांचा विचार अगदीच झाला नाही असं नाही.

गोवंडी_वस्ती
अनुसूचीत नाव असणं वेगळं, पात्रतेत बसणं वेगळं. आणि मुदत संपल्यावर? माझ्या हाताखाली एक बारावी झालेली पोरगी शिकतेय. मला सामावून घ्याल, तिला नाही. तुमच्या भाचीचं जे झालं ते वाईटच झालं, पण त्याला डिग्री लागत नव्हती, पोटात गोष्ट ठेवणं लागत होतं. आधी तक्रारीचं दार उघडा, मी आणि ती पोरगी दोघीही त्याला उत्तरदायी राहू. त्यावर आज सही करते.

मुलुंडकरीण
नोंदच नसेल तर नाव कुठलं खोडणार? 'समज देण्यात आली' एवढ्यावर ती बाई सोमवारी पुन्हा दुकान उघडेल. तरी तक्रारीचा मुद्दा पहिल्या क्रमांकावर घेते. तुमची वाट निवेदनात कशी लिहायची, ते तुम्हीच दोन ओळींत लिहून द्या.

गोवंडी_वस्ती
शुक्रवारी ताईंना विचारून लिहिते. सहीचं तेव्हा बघू.