सिटी व्हीटेक : मोठं थ्रॉटल बॉडी बसवल्यापासून गाडी स्लोला उभीच राहत नाही

सिटीवाला_पुणे

नमस्कार मंडळी. २००२ ची होंडा सिटी दीड लिटर व्हीटेक, आठ वर्षं माझ्याकडे आहे, रनिंग १ लाख ३८ हजार. दिवाळीनंतर हौस आली म्हणून फोर टू वन हेडर (इंजिनच्या धुराच्या चार नळ्या एकत्र आणणारा पाईप), फ्री फ्लो सायलेन्सर, कोन फिल्टर असं सगळं केलं, आणि एका मित्राकडे मोठ्या बोअरचं थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारं झडपेचं तोंड) पडून होतं तेही बसवलं, त्यासाठी मॅनिफोल्डचं (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांचं) तोंड घासून थोडं मोठं करून घेतलं. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्टॉकच, म्हणजे कंपनीचाच आहे.

आता त्रास स्लोचा, म्हणजे पाय न लावता इंजिन नुसतं चालू असतानाचा. सकाळी थंड गाडी चालू केली की पंधराशे आरपीएमवर जाऊन गुपचूप बसते, काही तक्रार नाही. पण गरम झाली, एकदा पंखा फिरून गेला, की सुरू. हजार, अठराशे, हजार, अठराशे. आजीच्या शिवणयंत्रासारखं, पाय मारला की घुर्र आणि सोडला की बसलं. परवा दांडेकर पुलाच्या सिग्नलला बाजूचा रिक्षावाला म्हणाला, साहेब रेस लावायची का. रस्त्यावर चालवताना मात्र मस्त पळते.

आत्तापर्यंत प्लग बदलले, थ्रॉटल धुतलं, आयएसी व्हॉल्व्ह (स्लोची हवा कमीजास्त करणारा) बदलला (साडेचार हजार गेले, फरक शून्य). चेक लाईट नाही. पीयूसी पण होईना, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.२ च्या आत आहे पण एचसी (न जळलेलं पेट्रोल) ११०० च्या वर. ज्यांनी काम केलं ते गॅरेजवाले म्हणतात एवढं केल्यावर रीमॅप (ईसीयूचं सेटिंग बदलणं) लागणारच, पंचवीस हजार. करू का?

तेलकट_हात

पंचवीस हजार खिशात ठेव आधी. रीमॅपने हे जाणार नाही, गेलं तरी दुखणं झाकलं जाईल फक्त.

हे होतं कसं ते समजून घे म्हणजे शोधायला सोपं जाईल. तुझ्या गाडीत हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर नाहीये, मॅप सेन्सर मॅनिफोल्डमधला दाब बघतो आणि त्यावरून ईसीयू हवेचा हिशोब करतो. म्हणजे कुठूनही चोरून हवा घुसली तरी ती दाबात दिसतेच आणि ईसीयू इमानदारीत तेवढं पेट्रोल देतो, म्हणून गाडी बंद पडत नाही, उलट स्लो वाढतो. आता स्लो वाढून सतराशे अठराशे झाला, तुझा पाय तर अ‍ॅक्सिलरेटरवर नाही, मग ईसीयूला वाटतं की गाडी गिअरमध्ये खंबाटकी उतरतेय आणि तो पेट्रोल तोडतो. आरपीएम पडतं, हजाराच्या आसपास आलं की घाबरून परत पेट्रोल सोडतो, परत चढतं, परत तोडतो. तुझं शिवणयंत्र ते हेच. थंड असताना ही पेट्रोल तोडायची मर्यादा बरीच वर असते म्हणून सकाळी गुपचूप बसते. आणि तोडणं सोडणं चालू असताना मधले काही फटके जळतच नाहीत, ते सायलेन्सरमधून बाहेर, म्हणून पीयूसीत सीओ चांगला आणि एचसी आकाशाला. मिश्रण रिच असतं तर सीओ पण बोंबलला असता.

तेव्हा प्रश्न एकच, हवा येतेय कुठून. व्हॅक्यूम गेज (मॅनिफोल्डमधली ओढ मोजणारं मीटर) मिळालं तर टी मारून लाव. एक लक्षात ठेव, पुस्तकात १९-२० इंच लिहिलेलं असतं ते समुद्रसपाटीचं, पुणं साडेपाचशे मीटरवर आहे, इथे चांगल्या इंजिनलाही दोनेक इंच कमीच दिसणार. नाहीतर सतरा बघून उगाच हेड उघडशील.

कोल्हापुरी_पाना

भावा गेज बिज राहू दे, हात आहेत न्हवं? गाडी गरम कर, कोन फिल्टरचा पाईप काढ, थ्रॉटलच्या तोंडात बघ, बटरफ्लायच्या (आतल्या गोल झडपेच्या) अलीकडं आयएसीकडं जाणारं भोक दिसतंय. त्यावर बोट ठेव. स्लो पडून गाडी शांत झाली तर हवा आयएसीतनं येतीया, तसं असंल तर कूलंट कमी हाय का बघ, कारण आयएसीला गरम पाणी फिरतंय आणि त्यात हवा अडकली तर ते पण असलंच चाळं करतंय. फरक पडला नाही तर आयएसी सुटला.

मग पुढचं. आख्खा तळवा थ्रॉटलच्या तोंडावर घट्ट दाब. गाडी एक दोन सेकंदात मेली पायजे. नाही मेली तर हवा बटरफ्लायच्या पलीकडनं येतीया. फडकं लावू नको, आत वढून घेतंय, आमच्याकडं एका पोरानं बनियन घालवलंय इंजिनात. मग ब्रेक बूस्टरचा होज पक्कडीनं दाब, पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत ओढणारा) दाब, एकेक. आणि शेवटी उदबत्ती लाव आणि जॉइंटपाशी फिरव, धूर जिकडं वळतोय तिकडं भोक.

शांत_डोकं

उदबत्ती सोडून वरचं सगळं बरोबर. पेट्रोलच्या रेलशेजारी जळती उदबत्ती फिरवायची म्हणजे पूजाच घालायची गाडीची. कार्ब क्लीनर मारायचा सल्लाही मिळेल, पण तुझा हेडर तापून लाल झालेला असतो, तोही नको. साबणाचं पाणी घे, भांडी घासायचा लिक्विड चालतो, स्प्रेच्या बाटलीतून जॉइंटवर मार. हवा ओढत असेल तर फेस आत जातो आणि तेवढ्यापुरता आवाज बदलतो. वायरिंगवर मारू नको.

माझा संशय सांगतो. मॅनिफोल्डचं तोंड मोठं केलंस, पॅकिंग कुठलं लावलं? आणि मॅप सेन्सर थ्रॉटल बॉडीवरच बसत असेल तर त्याखालची ओ रिंग आहे का बघ, जुन्या थ्रॉटल बॉडीवरच चिकटून राहते ती बऱ्याचदा.

घाटातला_घोडा

एवढी चांगली गाडी, कशाला नाद केलात हेच कळत नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कंपनीच्या स्पेसिफिकेशनबाहेर जाऊन मॉडिफाय करता येत नाही म्हणून. स्टॉक थ्रॉटल परत लावा, विषय संपला.

कोल्हापुरी_पाना

हे आलं बघा लग्नात रडायला 😄

तेलकट_हात

कोर्टाचं बरोबरच आहे त्यांचं, पण स्टॉक थ्रॉटल परत लावलं तरी मॅनिफोल्डचं तोंड घासलेलंच राहणार ना, ते काय परत भरून येणार आहे का. आधी शोधू दे त्याला.

सिटीवाला_पुणे

रविवार घातला सगळा. सविस्तर सांगतो.

आयएसीच्या भोकावर बोट ठेवलं, सुई थोडी खाली आली पण शिवणयंत्र चालूच. बूस्टर दाबला, काही नाही. पीसीव्ही दाबला, काही नाही. मग तळवा. कोल्हापूरकर, खरं सांगतो, भीती वाटली हो, ओढ जबरदस्त असते. पण गाडी मेली नाही! तळवा पूर्ण दाबलेला आणि इंजिन अकराशेवर खडखड करत चालू. मीच बघत राहिलो.

साबणाचं पाणी मारलं, वरच्या बाजूला काही नाही, सेन्सरपाशी काही नाही, ओ रिंग होती जागेवर. खालच्या डाव्या बोल्टपाशी बाटली नेली तर फेस सुर्रकन आत आणि सुई तीनशेने खाली. परत मारलं, परत तेच. बायकोला खाली बोलावून दाखवलं, ती म्हणाली छान, भाजी आणायची आहे.

थ्रॉटल काढलं तर पॅकिंग विकतचं नव्हतंच, शीट मॅनिफोल्डवर ठेवून हातोडीने कडा ठोकून कापलेलं. आणि मॅनिफोल्डचं तोंड घासताना खालच्या डाव्या कोपऱ्यात जास्त घासलं गेलंय, तिथे पॅकिंगला बसायला जागा उरलीय जेमतेम दोन मिलिमीटर. तेवढी पट्टी फाटून आत ओढली गेली होती, वरून बघून शंभर वर्षं कळलं नसतं.

दुसरी गंमत. थ्रॉटल बॉडी हातात घेऊन खिडकीच्या उजेडात धरलं तर बंद बटरफ्लायच्या कडेने चंद्रकोरीसारखी फट दिसतेय. स्टॉप स्क्रूवरचा कंपनीचा रंग फुटलेला, कोणीतरी तो स्क्रू आत फिरवलाय. मित्राकडे असताना का गॅरेजमध्ये, देव जाणे. बटरफ्लाय बंद असताना टीपीएस (ती किती उघडी ते सांगणारा सेन्सर) ०.५४ व्होल्ट दाखवतो, तो ठीक आहे ना?

शांत_डोकं

ठीक आहे, बंद असताना अर्ध्या व्होल्टच्या आसपास हवा. आणि त्यामुळेच तर फसवणूक होते, ईसीयूच्या मते बटरफ्लाय बंद आणि हवा मात्र दोन ठिकाणांहून. स्टॉप स्क्रू स्लो सेट करण्यासाठी नसतोच, बटरफ्लाय बोअरमध्ये अडकू नये एवढ्यापुरताच असतो. फट जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत मागे घे, पण बटरफ्लाय घासून चिकटली नाही पाहिजे, सोडल्यावर टक् करून मोकळी परत आली पाहिजे. मग त्यावर रंगाचा ठिपका दे.

कोपऱ्यातल्या दोन मिलिमीटरचं मात्र पॅकिंग बदलून भागणार नाही, सहा महिन्यांत परत फाटेल. लेथवाल्याकडून थ्रॉटलच्या मापाची अ‍ॅल्युमिनियमची पातळ प्लेट करून घे, दोन्ही बाजूंनी चांगलं पॅकिंग. किंवा वेल्डिंग करून कोपरा भरून तोंड सपाट करून घे, ते जास्त चांगलं पण मॅनिफोल्ड उतरवावं लागेल.

तेलकट_हात

आणि बसवल्यावर ही सेटिंग कर, नाहीतर परत इथे येशील. गाडी पूर्ण गरम, लाईट एसी पंखा सगळं बंद. आयएसीचा कनेक्टर काढ. थ्रॉटलवरच्या स्लोच्या स्क्रूने (स्टॉप स्क्रूने नाही!!) साधारण साडेचारशे आरपीएमला आण, गाडी कशीबशी जिवंत राहील एवढं. बंद कर, कनेक्टर लाव, ईसीयूचा बॅकअप फ्यूज दहा सेकंद काढून परत लाव, मग दहा मिनिटं हात न लावता स्लोला सोड. कूलंटचे होज काढले असशील तर थर्मोस्टॅटजवळच्या ब्लीड बोल्टने हवा काढून घे, हीटर फुल्ल गरमवर ठेवून.

सिटीवाला_पुणे

उशीर झाला सांगायला, लेथवाल्याने दहा दिवस घेतले. प्लेट बसवली (तीन मिलिमीटर), स्टॉप स्क्रू मागे घेतला, सेटिंग वर सांगितली तशीच केली. आता ७६० वर सुई चिकटवल्यासारखी. एसी लावला की क्षणभर खाली जाऊन परत वर येते, ते सगळ्याच सिटींचं असावं. पीयूसी झाली, एचसी १८० आला, पीयूसीवाल्याने मशीन परत एकदा झटकून बघितलं. प्लेट आणि पॅकिंगचा सगळा खर्च साडेसहाशे.

जुना आयएसी परत लावून बघितला तर तो पण ठणठणीत. म्हणजे बदललेला उगाचच. कोणाला हवा असेल तर सांगा, साडेचार हजारांचा आहे, दोन हजारांत देतो.

कोल्हापुरी_पाना

पॅकिंगसकट देणार असशील तर नको भावा.