मदत हवी आहे : मासिकाची वर्गणी ऑनलाइन कशी घ्यावी?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या छोट्या वर्कशॉपसाठी आम्ही मासिक काढतो. कागद-टपाल परवडेना, म्हणून अंक ऑनलाइन करून पैसे भरणाऱ्यांनाच द्यायचं चाललंय. घोडं पीडीएफवर अडलंय. एकाने वर्गणी भरली की अंक लगेच सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर! लॉगिन-ओटीपी ठेवलं तर आमचे वाचक, म्हणजे वर्कशॉपचे शेठ, अंक दुसऱ्यांदा उघडायचेच नाहीत. कारखान्यात छापील अंक एकच येतो आणि मालकापासून फोरमनपर्यंत फिरतो, पानापानावर तेलाचे काळे ठसे. मग वर्गणी माणशी घ्यावी की कारखान्यामागे एक? छापील अंकाला जीएसटी नाही, ऑनलाइनला 18 टक्के; तो किमतीतच धरता का? यूपीआय ऑटोपेवर वार्षिक वर्गणी कोणी घेतंय का? (जाहिरातदारांना अजून छापील पानच हवंय, ते वेगळंच.) ठाणे-नवी मुंबईत कोणी हे केलं असेल तर कृपया सांगा.