विषय: मंडळाचे निळे कॅन कुणाकडे आहेत?

निखिल:
मंडळी, शनिवारी पहाटे ॲडलेडहून निघतोय. मरी ते मार्ला, म्हणजे वाळवंटातला कच्चा रस्ता, ऊडनाडाटा ट्रॅक, एकटाच. स्टोअररूममधले २० लिटरचे तीनही निळे कॅन हवेत, दिवसाला १० लिटर धरलं तर पाच दिवसांचे ५० होतात. किल्ली कुणाकडे? दोन स्टेपन्या, कॉम्प्रेसर सगळं झालंय, पाण्याचंच अडलंय.

सुलभाताई:
किल्ली माझ्याकडेच आहे आणि कॅन मिळणार नाहीत. मागच्या वेळी एक कॅन फ्लिंडर्स रेंजेसला गेला तो डिझेलचा वास घेऊन परत आला. सोडा घालून चारदा धुतला, दोन दिवस उन्हात ठेवला, तरी गणपतीच्या महाप्रसादाला मठ्ठ्याला वास आलाच. आख्खं पातेलं सिंकमध्ये ओतलं, तेव्हा कुणी आलं नव्हतं विचारायला. आणि गावाचं नावच मरी, तिथून एकटा निघतोयस, आईला सांगितलंयस का?

देशपांडेकाका:
तो कॅन मी नेला होता हे सगळ्यांना माहीत आहे, उगाच आडून बोलू नये. त्यात डिझेल भरलं नव्हतं, शेजारी डिझेलचा कॅन होता, आणि झाकणाचं रबर गेलंय हे मी दोन मीटिंगमध्ये सांगितलं होतं. असो. निखिल, मरीहून विल्यम क्रीक २०० किमी, तिथून ऊडनाडाटा २००, पुढे मार्ला आणखी २००, मधे मोबाईलला रेंज शोधत बसू नकोस. माझा पीएलबी ने, म्हणजे संकटात उपग्रहावरून मदत मागायचं ते छोटं यंत्र. फक्त तो माझ्या नावावर आहे, बटण दाबलंस की कॅनबेराच्या बचाव केंद्रातून फोन आमच्या हिला. तुझी सुटका होईल, माझी नाही.

रोहिणी:
काका, रजिस्ट्रेशनमध्ये ट्रिपची माहिती आणि कॉन्टॅक्ट ऑनलाइन बदलता येतात, पैसे पडत नाहीत, आजच करून टाका. आणि निखिल, गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत सुटायचं नाही, वरून गाडी दिसते, माणूस नाही दिसत.

अविनाश:
पावसाचं कुणीच बोलत नाहीये. आम्ही गेलो तेव्हा विल्यम क्रीकच्या अलीकडे अर्धा तास पडला फक्त, चिखल मडगार्डमध्ये असा थापला गेला की चाक फिरेना, बायकोने पोळ्यांचं उलथनं दिलं आणि मी पाऊण तास खरवडत बसलो. रस्ता बंदचा बोर्ड असेल तर घुसू नकोस, जबर दंड आहे. काउअर्ड स्प्रिंग्जला मात्र थांब, बोअरच्या कोमट पाण्याचं टाकं आहे, मस्त डुंबता येतं. आणि मरीला, पूर्वी वाळवंटातून उंटांवरून माल नेणाऱ्या अफगाण उंटवाल्यांची जुनी वस्ती बघ.

देशपांडेकाका:
अफगाण नुसतं म्हणायला. त्यातले बरेच पेशावर, बलुचिस्तानकडचे, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानातलेच. पूर्वी मरीवरून जाणाऱ्या घान रेल्वेचं नाव त्यांच्यावरूनच पडलं असं म्हणतात.

रोहिणी:
काका, पीएलबीचं केलंत का?

अविनाश:
बाय द वे, नवीन कॅन दुकानात मिळतात की. एवढी चर्चा कशाला?

निखिल:
नवीन कॅनमधल्या पाण्याला पहिले काही दिवस प्लास्टिकचा वास येतो, मंडळाचे मुरलेले आहेत. ताई, पाणी मागच्या सीटवर ठेवतो, डिझेल वर रूफरॅकला, दोघांची गाठ पडणार नाही. आईला सांगितलंय, फक्त एकटा जातोय ते नाही सांगितलं.

सुलभाताई:
शुक्रवारी सहानंतर ये. दोनच मिळतील, उरलेल्या पाण्यासाठी दुकानातला १० लिटरचा बॉक्स घे. माझ्यासमोर आईला फोन लावायचा, मग किल्ली. तिसऱ्या कॅनला रबर लागलं की तोही देईन, साइज देशपांड्यांकडे लिहिलेला असेल, दोन मीटिंगपासून.